इंग्लंडातलं म्हातारपण: हॉस्पिटल एनएचएसचं, सांभाळ काउन्सिलचा

सोनचाफा

मध्यंतरी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने विचारलं, "सासूबाईंना घरी आणलंय. केअरर येतात, छान आहेत. पण आता काउन्सिल बँकेचे कागद मागतेय. एनएचएस फुकट असतं ना?" त्यावर धडाधड उत्तरं आली आणि त्यातली बरीचशी ऐकीव. मी एका काउंटी काउन्सिलच्या, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या स्थानिक संस्थेच्या, अडल्ट सोशल केअरमध्ये (म्हातारे, अपंग यांच्या सांभाळाचं खातं) सोशल वर्कर आहे, हा माझा रोजचा विषय. म्हणून धागा काढतेय. जे लिहिते ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडचे नियम निराळे.

गोष्ट १९४८ पासून सुरू होते. त्या वर्षी ५ जुलैला दोन कायदे एकदम लागू झाले. एक एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा: आजारी पडलात तर उपचार फुकट. दुसरा नॅशनल असिस्टन्स ॲक्ट: म्हाताऱ्या, अपंग माणसाची राहण्या-सांभाळण्याची सोय काउन्सिलने लावायची आणि ऐपत असेल त्याच्याकडून पैसे घ्यायचे. त्याआधी कितीतरी हॉस्पिटलं काउन्सिलच चालवत होत्या. हर्बर्ट मॉरिसन मंत्रिमंडळात सांगत होते की ती त्यांच्याकडेच राहू द्या. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन बधले नाहीत, सगळी हॉस्पिटलं राष्ट्रीय झाली. बेव्हन यांचं बरोबरच होतं असं माझं मत आहे. श्रीमंत गावाला चांगलं हॉस्पिटल आणि गरीब गावाला खुराडं, हे त्यामुळे थांबलं. पण आजार एका खात्यात आणि सांभाळ दुसऱ्या खात्यात, ही फूटही तेव्हाचीच.

मग इकडून तिकडे ढकलाढकल. १९७४ पर्यंत हेल्थ व्हिजिटर, लसीकरण, अगदी अँब्युलन्सही काउन्सिलकडे होती. त्या साली ती एनएचएसकडे गेली. २०१३ मध्ये सार्वजनिक आरोग्य पुन्हा काउन्सिलकडे आलं. आणि २०२२ च्या हेल्थ अँड केअर ॲक्टने १ जुलैपासून इंग्लंडचे ४२ भाग पाडून प्रत्येकात 'इंटिग्रेटेड केअर सिस्टिम' उभी केली. तिच्यात एक बोर्ड, ज्याच्या हातात एनएचएसचा पैसा. आणि एक पार्टनरशिप, म्हणजे बोर्ड आणि काउन्सिल्स यांची समिती, जिने त्या भागाचं आरोग्याचं धोरण लिहायचं. बोर्डावर काउन्सिल्सनी सुचवलेला सभासद असलाच पाहिजे. किती? किमान एक. खाली काउन्सिल्स कितीही असोत.

माझं मत आधीच सांगून टाकते, मग भांडा. काउन्सिलला टेबलाशी खुर्ची दिली, डबा मात्र स्वतःचा आणायला सांगितला. एका बाजूला फुकट आणि दुसऱ्या बाजूला ऐपतीप्रमाणे बिल, हे आहे तोवर बोर्डाचं नाव काहीही ठेवा, वॉर्डातल्या पेशंटपाशी दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवणारच. एकत्र येणं जिथे जमलंय तिथे ते पैसा एका खिशात आल्यामुळे जमलंय.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. हॉस्पिटलच्या लेखी पेशंट फिट झाला की डिस्चार्जच्या चार वाटा असतात, शून्य ते तीन. शून्य: घरी, मदत नको. एक: घरी, पण केअरर लागतील. दोन: काही काळ रिहॅबच्या खाटेवर. तीन: घरी परतणं कठीण, बहुधा केअर होम. सासूबाई वाट क्रमांक एकवर आल्या. सुरुवातीचं जे असतं त्याला रिएबलमेंट म्हणतात. माणसाने पुन्हा स्वतःचं स्वतः करायला लागावं यासाठीची ही मदत जास्तीत जास्त सहा आठवडे फुकट असते. जास्तीत जास्त, हे लक्षात ठेवा. सगळ्यांना पूर्ण सहा मिळत नाहीत. ती संपत आली आणि मदत अजून लागणार असं दिसलं की फायनान्शियल असेसमेंटचं, म्हणजे ऐपत तपासण्याचं, पत्र येतं. घरच्यांना वाटतं काउन्सिल मध्येच कुठून उपटली. ती पहिल्या दिवसापासून होती, फक्त तोपर्यंत बिल तुमच्याकडे येत नव्हतं.

आकडे: बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सगळा खर्च तुमचा. १४,२५० च्या खाली असेल तर बचतीला हात लागत नाही, उत्पन्नातून मात्र कापलं जाऊ शकतं. मधल्यांना अंशतः. या रेषा २०१० पासून जागच्या हललेल्या नाहीत. दरम्यान बाकी सगळं कुठल्या कुठे गेलं. केअर घरीच मिळत असेल तर राहतं घर मोजत नाहीत. केअर होमचं गणित वेगळं, कोणी विचारलं तर लिहीन.

ढब्बूमिर्ची

सोनचाफाताई, हा धागा आधी असता तर!

माझ्या आईचा किस्सा. खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी सोडण्याआधी ओटीने (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं जमतात का ते बघणारी) तिला वॉर्डाच्या बाजूच्या छोट्या किचनमध्ये नेलं. तिथे पेशंटला चहा-टोस्ट करायला लावतात, हात चालतात का, गॅस बंद करायचं लक्षात राहतं का ते बघायला. आईसमोर किटली, कप, टीबॅग. आई उभी राहून इकडेतिकडे बघतेय. ती शोधत होती पातेलं. मग आलं कुठेय विचारायला लागली, मराठीत. ओटी बिचारी कागदावर लिहितेय: 'सूचना द्याव्या लागतात, कामाचा क्रम लक्षात राहत नाही.' मी अर्ध्या तासाने पोचले तेव्हा कागद भरून झाला होता आणि रोज चार वेळा केअररचं पॅकेज सुचवलेलं होतं.

मी घरून पातेलं, आलं, साखर, अमृततुल्यवाली पावडर सगळं आणलं आणि म्हटलं आता बघा. आईने चहा केला, उतू जाऊ दिला नाही, ओटीला कप दिला, वर "साखर पुरे का" विचारलं. चाराचं एक झालं. सकाळी फक्त अंघोळीला कोणीतरी.

पानशेत६१

वा ढब्बूताई! चहाच्या परीक्षेत आमची ही पहिल्या नंबरात येईल, मी नापास.

सोनचाफा, एक बाळबोध शंका. काउन्सिल म्हणजे आपली महापालिकाच ना? महापालिका म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला बाई पाठवते? इथे पुण्यात आम्ही ब्युरोला फोन करतो. बारा तासांची बाई हवी की चोवीस तासांची एवढंच विचारतात. एक मावशी आठवडाभर टिकली तर पेढे वाटायचे. महापालिकेकडे जावं हे डोक्यातसुद्धा येत नाही. मालमत्ता कर भरायला आणि जन्म-मृत्यूचे दाखले आणायला, एवढाच आमचा संबंध.

सोनचाफा

काका, हो, आपली महापालिकाच समजा, फरक इतकाच की २०१४ च्या केअर ॲक्टने तिच्यावर जबाबदारी टाकलीय. कोणीही प्रौढ माणूस म्हणाला की मला स्वतःचं करणं जमत नाहीये, तर काउन्सिलला त्याच्या गरजांचं असेसमेंट करावंच लागतं, तो श्रीमंत असो की गरीब. पैशाचा प्रश्न नंतर येतो. आणि बाई ती स्वतः पाठवत नाही बरं का. बहुतेक ठिकाणी खासगी एजन्सीला कंत्राट असतं. म्हणजे ब्युरोच, फक्त ब्युरोला जाब विचारणारं कोणीतरी असतं. निदान कागदावर.

ढब्बू, तुझा किस्सा आमच्या टीममध्ये सांगणार आहे. नाव न घेता.

टेम्सकाठ

सगळं छान आहे हो, पण पैसे कोणाचे? काउन्सिल टॅक्सच्या बिलावर २०१६ पासून अडल्ट सोशल केअरची वेगळी ओळ येते, दर वर्षी वाढते. आमच्याकडे लायब्ररी आठवड्यातून तीन दिवस उघडी, रस्त्यात खड्डे, कचरा पंधरवड्यातून एकदा. बर्मिंगहॅमसारखी काउन्सिल २०२३ मध्ये दिवाळखोर झाली. आणि तुम्ही म्हणता यांना आणखी अधिकार द्या?

सोनचाफा

अधिकार द्या म्हटलंच नाही, पैसा एका खिशात आणा म्हटलं.

बर्मिंगहॅमचं थोडं सरळ करते. त्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये सेक्शन ११४ ची नोटीस काढली, म्हणजे जमाखर्च जुळत नाही अशी जाहीर कबुली. त्यामागे मुख्यतः समान वेतनाच्या दाव्यांची थकबाकी आणि फसलेली संगणक प्रणाली होती. केअरच्या खर्चाचा भार होताच, पण त्याच्यावरच सगळं ढकलू नये.

बाकी तुमचा राग रास्त आहे. काउंटी काउन्सिलचा मोठा हिस्सा प्रौढ आणि मुलांच्या सोशल केअरवरच जातो. तो कायद्याने बांधलेला खर्च, टाळता येत नाही. म्हणून कात्री लायब्ररीला लागते. आणि लायब्ररी बंद झाली की तिथे रोज पेपर वाचायला येणारे आजोबा घरात बसतात, पडतात, आणि मग आमच्याकडे येतात. वेगळी ओळ टाकण्यातली खरी गंमत अशी की गरीब भागात घरांची किंमत कमी, त्यामुळे तेवढ्याच टक्केवाढीतून पैसे कमी जमतात आणि गरजू म्हातारे जास्त.

जिरेमिरे

मी जीपी, म्हणजे एनएचएसचा फॅमिली डॉक्टर आहे, मिडलँड्समध्येच. सोनचाफाशी नव्वद टक्के सहमत.

ही फूट किती हास्यास्पद होते ते बघा. मधुमेही आजी, दृष्टी गेलेली. सकाळी इन्शुलिन टोचायला डिस्ट्रिक्ट नर्स येते: एनएचएस, फुकट. तासाभराने अंघोळ घालायला केअरर येते: काउन्सिल, बिल लागू. पायाला जखम असेल आणि अंघोळीनंतर ड्रेसिंग बदलायचं असेल तर ती अंघोळ आरोग्याची की सांभाळाची? नव्वदच्या दशकात यावर खरोखर बैठका होत. आता कोणी इतकं उघड विचारत नाही, पण हिशेब तोच चालू आहे.

याच कुंपणावर उभी आहे कंटिन्युइंग हेल्थकेअर. माणसाची गरज मुख्यतः आरोग्याची आहे असं ठरलं तर नर्सिंग होमसह सगळा खर्च एनएचएसचा, ऐपत न बघता. १९९९ च्या कॉफलन खटल्यात कोर्टाने सांगितलं की काउन्सिलने पुरवायच्या नर्सिंगला मर्यादा आहे. त्यापलीकडची गरज एनएचएसनेच भागवायची. पण ती मिळवायला आधी चेकलिस्ट, मग भलामोठा फॉर्म. आणि तो भरताना टेबलाच्या एका बाजूला ज्याला पैसे वाचवायचेत तो बोर्ड, दुसऱ्या बाजूला ज्याला पैसे वाचवायचेत ती काउन्सिल. मध्ये पेशंटची मुलगी, ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून आलेली. माझे पेशंट विचारतात तेव्हा एकच सांगतो: डिमेन्शिया आहे एवढ्यावर मिळत नाही. रात्री किती वेळा उठावं लागतं, गिळताना ठसका लागतो का, अंगावर धावून जातात का, याची रोजची नोंद एका वहीत ठेवा. ती वही घेऊन बैठकीला जा.

असहमत एवढ्यासाठी की बोर्डं अगदीच निरुपयोगी नाहीत. आमच्याकडे डिस्चार्जच्या टीममध्ये हॉस्पिटलची नर्स आणि काउन्सिलची सोशल वर्कर आता शेजारी बसतात. पूर्वी फॅक्स करत.

सोनचाफा

शेजारी बसतात हे खरंय, ती मीच असते बऱ्याचदा. :-) पण तू म्हणतोस ती टीम ज्या पैशावर चालते तो बेटर केअर फंड आहे, २०१५ पासूनचा. एनएचएसचा आणि काउन्सिलचा ठरावीक पैसा एका भांड्यात, २००६ च्या कायद्याच्या कलम ७५ खाली. म्हणजे बोर्डाच्या सात वर्षं आधीपासून. माझाच मुद्दा सिद्ध होतोय.

अनामिक_वाचक

नेहमीच्या आयडीने लिहीत नाही, कारण समजून घ्या. वडील आमच्याजवळ असतात, इथेच कायमचे. डिमेन्शिया वाढलाय, केअर होमचा विषय निघालाय. इथे त्यांच्या नावावर फारसं काही नाही. पण पुण्यात कोथरूडला फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. काउन्सिलला तो सांगायचा का? मित्र म्हणतो, त्यांना कुठे कळतंय. दुसरा म्हणतो, आत्ताच बहिणीच्या नावावर करून टाक.

सोनचाफा

दोन्ही मित्रांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका.

परदेशातली मालमत्ता मोजली जाते. फ्लॅट विकून इथे आणता येण्यासारखी जी किंमत असेल ती भांडवलात धरतात. पैसे बाहेर आणायला भारतात निर्बंध असतील तर त्याचाही विचार करतात, पण कागद दाखवावे लागतात. फॉर्मवर न लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं. आणि आजार दिसायला लागल्यावर, केअर लागणार हे माहीत असताना बहिणीच्या नावावर केला तर त्याला मुद्दाम मालमत्ता कमी करणं म्हणतात. काउन्सिल तो फ्लॅट वडिलांचाच आहे असं समजून हिशेब करू शकते, आणि बहिणीकडूनही वसुली काढू शकते. आपल्याकडे मुलांच्या नावावर घर करणं हा वडिलांचा शेवटचा संस्कार असल्यासारखं चालतं, त्यामुळे हेतू वाईट नसतानाही लोक अडकतात. हस्तांतर कधी झालं आणि तेव्हा प्रकृती कशी होती, हे बघतात.

इथल्या घराचं पण लिहिते, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. केअर होममध्ये कायमचं जायचं असेल तर स्वतःचं घर मोजतात. पण पहिले बारा आठवडे सूट. आणि त्या घरात नवरा किंवा बायको राहत असेल, किंवा साठीच्या पुढचा नातेवाईक राहत असेल, तर ते मोजतच नाहीत. घर लगेच विकायची सक्तीही नाही; डिफर्ड पेमेंटचा करार करता येतो, काउन्सिल तोवर भरते आणि नंतर घरातून वसूल करते. तुमच्या बाबतीत घर तुमचं असेल तर हा प्रश्न येत नाही, फ्लॅटचा येतो. सॉलिसिटर गाठा, सोशल केअरचं काम करणारा. कन्व्हेयन्सिंगवाला, म्हणजे घर-खरेदीविक्रीचे कागद करणारा, नको.

टेम्सकाठ

केअरच्या खर्चावरच्या त्या ८६,००० पौंडांच्या कॅपचं काय झालं? जन्मभरात तेवढेच भरायचे, वरचं सरकार, असं होतं ना?

सोनचाफा

होणार होतं. ऑक्टोबर २०२३ ला लागू होणार होतं, ते ऑक्टोबर २०२५ वर ढकललं, आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने रद्दच केलं. आमच्या ऑफिसात त्याच्या तयारीसाठी माणसं नेमली होती. आता अडल्ट सोशल केअरवर बॅरोनेस लुईझ केसी यांचा आयोग बसलाय, अंतिम अहवाल २०२८ पर्यंत. मी या नोकरीत लागल्यापासून कोणता ना कोणता अहवाल येणारच असतो.

क्लाइडकर

स्कॉटलंडमधून, ग्लासगोहून दोन ओळी. आमच्याकडे २००२ पासून पासष्टीपुढच्यांना पर्सनल केअर फुकट आहे, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवू घालणं. नंतर ती सवलत त्याखालच्या वयाच्यांनाही दिली. २०१४ च्या कायद्याने काउन्सिल आणि हेल्थ बोर्डाची मिळून इंटिग्रेशन जॉइंट बोर्डं झाली, पैसाही त्यांच्यामार्फत जातो. म्हणजे सोनचाफा म्हणतात तो एक खिसा बऱ्यापैकी आहे. म्हणून स्वर्ग आहे का? केअरर मिळत नाहीत म्हणून खाटा अडतात, त्या इथेही अडतात. फुकट आहे पण रांग आहे. सरकारने राष्ट्रीय केअर सर्व्हिस काढायचं मोठं घाटलं होतं, जानेवारी २०२५ मध्ये तो बेत गुंडाळला.

उत्तर आयर्लंडात तर १९७३ पासून आरोग्य आणि सांभाळ एकाच छपराखाली आहे, काउन्सिलचा संबंधच नाही. आणि ऑपरेशनच्या वेटिंग लिस्ट यूकेमध्ये सगळ्यात वाईट तिथल्याच. एक खिसा असला तरी तो रिकामा असू शकतो हो.

सोनचाफा

क्लाइडकर, मान्य. एका खिशाने भांडण मिटतं, भूक नाही. तरी भांडणात जाणारे तास माझ्यासारख्यांना मोजून बघता येतात, म्हणून मी त्याला एवढी किंमत देते. इंग्लंडात गेले काही हिवाळे रोज १२,००० हून जास्त खाटांवर असे पेशंट असतात ज्यांना हॉस्पिटलात राहायची गरज उरलेली नसते. सगळे काउन्सिलमुळे अडलेले नसतात, औषधांची पिशवी किंवा अँब्युलन्सची वाट बघणारेही त्यात असतात. पण पेपरात छापून येताना दोष काउन्सिलचाच.

खुंटी

मँचेस्टरकर हजर. आमचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. २०१५ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या दहा काउन्सिल्स आणि एनएचएस यांच्यात करार झाला, एप्रिल २०१६ पासून सुमारे ६ अब्ज पौंडांचं आरोग्य-सांभाळाचं बजेट इथल्या लोकांनी ठरवून वापरायचं. २०२२ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये अभ्यास आला की त्यानंतर इथलं आयुर्मान, हा करार नसता तर जेवढं असतं त्यापेक्षा किंचित जास्त राहिलं, आणि गरीब भागात फरक जास्त दिसला. किंचितच. पण आयुर्मान बोर्डाच्या मीटिंगांनी वाढतं हे कोणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो.

आणि यात सांभाळाइतकाच बाकीच्या गोष्टींचा हात असावा असं मला वाटतं. घरं, बस, ओल. काउन्सिलचं खरं बळ तिथे आहे. रॉचडेल इथलंच. ओल आणि बुरशीच्या घरात दोन वर्षांचं मूल गेलं, २०२० ची गोष्ट, त्यावरून अवाब्ज लॉ आला, त्या मुलाच्या नावाचा, ओल ठरावीक मुदतीत दुरुस्त करायला लावणारा कायदा. घर काउन्सिलचं नव्हतं, हाउसिंग असोसिएशनचं होतं. पण डॉक्टर इन्हेलर लिहून देत राहणार आणि भिंत ओली राहणार, तर एकात्मिक काय कपाळ?

जिरेमिरे

खुंटी, अगदी. अवांतर पण महत्त्वाचं: चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्यांना एनएचएस हेल्थ चेकचं पत्र येतं, दर पाच वर्षांनी. लोक समजतात जीपीचं. कार्यक्रम काउन्सिलचा असतो, सार्वजनिक आरोग्याच्या निधीतून. हा निधी २०१५ नंतर महागाईच्या हिशेबात चांगलाच आटला. आपल्या लोकांना मधुमेह लवकर होतो, बारीक अंगकाठीतही होतो. दक्षिण आशियाई माणसाला वजनाची धोक्याची रेषा बीएमआय २३ पासून धरतात, गोऱ्यांना २५. आणि हीच मंडळी ते पत्र फ्रिजवर लावून ठेवतात. उघडा आणि जा.

लालमाती

मी रत्नागिरी जिल्ह्यात आरोग्य खात्यात आहे. वाचता वाचता हसू आलं, कारण आमच्याकडेही हेच. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्याचं, त्यावर सिव्हिल सर्जन. पेशंट सिव्हिलमधून घरी आला हे आमच्या उपकेंद्राला कळतं ते आशाताईला तो बाजारात दिसला तर. आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे बघायला तहसील कार्यालय, ते तिसरंच.

मुलं मुंबईला, घरात दोघं म्हातारे, त्यातला एक अंथरुणाला. अशी घरं आता प्रत्येक वाडीत आहेत. त्यांना उचलून बसवायला, पाठीच्या जखमा धुवायला सरकारी यंत्रणेत म्हणावं असं कोणीच नाही. शेजारीण करते. केरळात हे काम पंचायतीने घेतलंय. १९९६ च्या जनता योजनेत त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींकडे दिली, २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं (असाध्य आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेचं) धोरण केलं, आणि पंचायतीच्या पैशातून नर्स घरोघरी जाते. सोबत गावातले स्वयंसेवक. इंग्लंडपेक्षा मला हे जवळचं वाटतं. आपल्याकडे पंचायत राज केरळच्या या योजनेच्या कितीतरी आधी, १९६२ ला आलं. पण जिल्हा परिषदेने म्हाताऱ्यांकडे बघायचं असतं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पानशेत६१

लालमाती, शहरात तर त्याहून मजा. मुंबई महापालिका केईएम, सायन, नायर चालवते, स्वतःची मेडिकल कॉलेजं आहेत. म्हणजे मॉरिसनसाहेबांचं स्वप्न मुंबईत जिवंत! पण केईएममधून माहीमच्या तिसऱ्या मजल्यावर परत गेलेल्या बाईकडे त्याच पालिकेचं कोणी फिरकत नाही. तिथे तर खिसा एकच आहे. शिवाय मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, नुसता प्रशासक. तक्रार करायची तर कोणाकडे?

सोनचाफा

काका, हे मात्र माझ्या युक्तिवादाला भोक पाडणारं उदाहरण आहे. कबूल. खिसा एक असून पुरत नाही, कायद्याने कर्तव्यही असावं लागतं.

ढब्बूमिर्ची

मधेच एक: मावसबहीण विचारतेय, केअररच्या व्हिसावर येता येईल का? एजंट दहा लाख मागतोय.

सोनचाफा

नाही! परदेशातून केअरर म्हणून नवीन भरती २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. मार्च २०२४ पासून कुटुंबाला आणताही येत नव्हतं. एजंटला एक रुपया देऊ नका. बंद झाल्याचा फटका आम्हाला बसणार आहे, पण ते वेगळं रडगाणं.

सरकताजिना

डिस्ट्रिक्ट काउन्सिलमध्ये हाउसिंग ग्रँटचं काम करते. सोनचाफांच्या काउंटीखाली आम्ही असतो, म्हणजे दोन पातळ्यांची काउन्सिल. हे लोकांना अजिबात माहीत नसतं. ओटी काउंटीची, तिने लिहिलं की बाथटब काढून वॉक-इन शॉवर हवा. पण त्याचा पैसा, डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट, आमच्याकडे. इंग्लंडात कमाल ३०,००० पौंड, मोठ्यांसाठी ऐपत बघून. १,००० पौंडांच्या आतल्या छोट्या गोष्टी, ग्रॅब रेल, रॅम्प वगैरे, केअर ॲक्टखाली फुकट, त्या काउंटीकडे. त्यामुळे एकाच बाथरूममधली दांडी एकीची आणि शॉवर दुसरीचा. आता सरकार या दोन पातळ्या मोडून एकच काउन्सिल करायला निघालंय. करा बाई लवकर.

महत्त्वाचं: मंजुरीच्या आधी बिल्डरला काम सुरू करायला लावू नका. आपली माणसं घाई करतात, बिल घेऊन येतात आणि मग आम्हाला नाही म्हणावं लागतं.

टेम्सकाठ

बरं, हे सगळं एकत्र करणारी ती ४२ बोर्डं आता राहणार की जाणार? एनएचएस चालवणारी वरची संस्था, एनएचएस इंग्लंड, तीच बरखास्त म्हणे.

सोनचाफा

मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं, एनएचएस इंग्लंड आरोग्य मंत्रालयात विलीन. बोर्डांना चालवण्याचा खर्च निम्म्यावर आणायला सांगितलं, त्यामुळे ती जोडली जातायत. जुलै २०२५ च्या दहा वर्षांच्या योजनेत त्या पार्टनरशिप, म्हणजे काउन्सिलला जिथे खरा आवाज होता त्या समित्या, बंद करायचं म्हटलंय. काम 'नेबरहुड'च्या पातळीवर न्यायचंय, आणि नेबरहुडचा आराखडा काउन्सिलच्या हेल्थ अँड वेलबीइंग बोर्डाने मान्य करायचा. ती बोर्डं २०१३ पासून आहेत, आतापर्यंत बिस्किटं खाऊन उठत. मला यात आशा आहे, कारण नेबरहुडच्या टीममध्ये ढब्बूच्या आईच्या गल्लीतले लोक असतील. भीती ही की जोडलेल्या बोर्डाचा नकाशा एवढा मोठा होईल की आमच्या काउन्सिलचा फोन कोण उचलतं हेच कळणार नाही.

ढब्बूमिर्ची

शेवटचा प्रश्न. आईला सकाळी येणारी केअरर चांगली आहे पण भाषा नाही, जेवण तर सोडाच. आमच्या शेजारच्या गल्लीत एक मराठी बाई आहेत, त्या करायला तयार आहेत. काउन्सिल त्यांना नेमेल का?

सोनचाफा

काउन्सिल नेमणार नाही, तू नेमू शकतेस. डायरेक्ट पेमेंट माग. काउन्सिल आईच्या हिश्शाचे पैसे एका खात्यात देते, त्यातून तुम्ही माणूस ठेवायचा. पेस्लिप, विमा, रजा, पेन्शन हे सगळं मालक म्हणून तुमच्या डोक्यावर येतं, पण बहुतेक काउन्सिल्स पेरोल सांभाळणारी संस्था सुचवतात. एकाच घरात राहणाऱ्या नातेवाइकाला सहसा ठेवता येत नाही, शेजारीण चालेल.

आणि तू स्वतःचंही असेसमेंट करून घे, केअरर्स असेसमेंट, म्हणजे सांभाळणाऱ्या घरच्या माणसाचं. आईला पैसे मिळोत न मिळोत, तुझा तो वेगळा हक्क आहे. आई पेन्शनच्या वयाची आहे ना? मग अटेंडन्स अलाउन्सचा, म्हणजे सांभाळ लागणाऱ्या म्हाताऱ्यांच्या भत्त्याचा, अर्जही कर. तो काउन्सिलचा नाही, डीडब्ल्यूपीचा, म्हणजे सरकारच्या पेन्शन-भत्त्यांच्या खात्याचा. त्यात ऐपत बघत नाहीत. मात्र तिचा व्हिसा कोणता आहे ते आधी बघ. पब्लिक फंड्सची, म्हणजे सरकारी भत्ते घेण्याची, मनाई असेल, किंवा तू तिचा खर्च उचलण्याचं पाच वर्षांचं हमीपत्र दिलं असशील आणि ती मुदत चालू असेल, तर अर्ज करू नकोस, आधी इमिग्रेशनवाल्याला विचार. काउन्सिलच्या असेसमेंटला असं काही आड येत नाही, ते मागायला जीपीचं पत्रही लागत नाही. फोनवर 'केअर ॲक्टखाली असेसमेंट हवंय' म्हण, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेव, आणि दुभाषा मागायला लाजू नकोस. तू दुभाषा झालीस तर तुझं मत कोणी विचारत नाही.

ढब्बूमिर्ची

व्हिसा बघते. उद्या फोन करते, काय झालं ते इथेच लिहीन.